ब्रह्मसूत्र २.१.३३ : खेळाचा ‘यूज केस’



आजचं सूत्र दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या पादाचं, तेहतिसावं. आधीच्या सूत्रात एक रोखठोक आक्षेप आहे. शहाणा माणूस जे करतो ते कशासाठी तरी करतो. ब्रह्म तर परिपूर्ण, त्याला मिळवायचं काही उरलेलंच नाही. मग हे जग कशाला निर्माण केलं? हेतू होता म्हणावं तर ब्रह्म अपूर्ण ठरतं. नव्हता म्हणावं तर वेड्याचा कारभार!

बादरायणांचं उत्तर एवढंसं आहे: ही लीला आहे, आणि अशी लीला आपल्या रोजच्या जगातही दिसते. शंकराचार्य भाष्यात दोन दाखले देतात. सगळ्या इच्छा पुऱ्या झालेला राजा किंवा त्याचा अमात्यही क्रीडेत रमतो, हा पहिला. दुसरा श्वासोच्छ्वासाचा. बाहेरचं काही मिळवायला श्वास चालत नाही, तो स्वभावानेच चालतो.

हे वाचताना मला आपली ऑफिसं आठवली. तिथे आता खेळ आलाय म्हणे. फूसबॉल टेबल, बीनबॅग, हॅकेथॉन, फन फ्रायडे (आणि त्याचं कॅलेंडर इन्व्हाइट, ‘मँडेटरी’ असं लिहून). मला टेबल खटकत नाही, त्याला चिकटवलेला हेतू खटकतो. खेळा, म्हणजे प्रॉडक्टिव्हिटी वाढेल! एका हॅकेथॉनमध्ये आमच्या टीममधल्या नवीन मुलीने सर्व्हरच्या लॉगवरून ठिपक्यांची रांगोळी काढणारा प्रोग्रॅम केला होता. आम्ही सगळे खुर्च्या ओढून बघत बसलो. परीक्षकांचा पहिला प्रश्न, “याचा यूज केस काय?” तिला सांगता येईना. पुढच्या हॅकेथॉनला तिने नाव दिलं नाही.

आता गंमत बघा. आपल्यातल्या कित्येकांची रोजीरोटी ज्या पायथनवर चालते, त्याची सुरुवात खिदो व्हान रॉसम यांनी १९८९च्या डिसेंबरमध्ये, नाताळच्या सुट्टीत हाताला काहीतरी छंद हवा म्हणून केली. नाव ठेवलं ते मॉन्टी पायथनच्या विनोदी कार्यक्रमावरून. ‘बघा, खेळातूनही फायदा होतो’ असं मला म्हणायचं नाही, तसं म्हटलं की मीही परीक्षकांच्याच रांगेत जाऊन बसलो. पायथन कुणी वापरली नसती, तरी ती सुट्टी वाया गेली असं मी म्हणणार नाही.

तुम्ही म्हणाल, राजाचं ठीक आहे रे, आम्हाला ईएमआय आहे, रात्री अडीचला ऑन-कॉलचा फोन आहे. पोट भरलेल्याने लीला करावी! आक्षेप रास्त आहे. पण म्हणूनच मला दुसरा दाखला जास्त जवळचा वाटतो. श्वास घ्यायला राजा असावं लागत नाही. रिलीजच्या रात्रीही तो चालूच असतो.

आणि आपल्याकडे तर तुकोबा आहेत. दुष्काळात ज्यांचा धंदा बसला, घरात माणसं गेली, त्याच तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, टिपरी, हुतूतू यांवर अभंग आहेत. सांगायचा परमार्थच, पण तो सांगायला त्यांना पोराटोरांचे खेळ हलके वाटले नाहीत. वारीतही हेच. माउलींच्या सोहळ्यात पुरंदवड्याला गोल रिंगण होतं. मैलोन् मैल चालून पाय सुजलेले असतात, आणि अश्व धावून गेले की हीच माणसं फुगड्या घालतात, हुतूतू खेळतात. शिस्त मात्र कडक. चोपदाराने चोप उंचावला की हजारोंचा गलका थांबतो. खेळ म्हणजे मोकाट सुटणं नव्हे, हे ‘क्रिएटिव्हिटी’च्या नावाखाली कोड रिव्ह्यू टाळणाऱ्यांनी जरा लक्षात घ्यावं.

त्या मुलीचा रांगोळीवाला प्रोग्रॅम मी तिच्याकडून मागून घेतलाय. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघंचौघं त्यात रंग भरतोय. काल कासव जमलं, आज मोर काढायचा आहे. मॅनेजरने विचारलं, तिकीट नंबर काय? तिकीट नाही म्हटलं. तोही पाच मिनिटं उभा राहून बघत होता.

उद्या सूत्र ३४. जग लीला असेल, तर एकाच्या वाट्याला सुख आणि दुसऱ्याच्या वाट्याला दुःख, हा पक्षपात नाही का? अप्रेझलच्या महिन्यात नेमकं हेच सूत्र यावं!

राम कृष्ण हरी.