आस्वादाचा अधिकार

जिभेला नीति असते काय, हा प्रश्न प्रथमदर्शनीं थट्टेचा वाटेल. डोळ्यांना चांगलें चित्र व कानांना चांगलें गाणें ओळखण्यास शिकवावें, असें सांगणारा मनुष्य सुसंस्कृत ठरतो. जिभेला तेंच शिक्षण देऊं पाहणारा मात्र चैनी म्हणून ओळखला जातो. हा भेद न्याय्य आहे कीं केवळ संवयीचा, याचा विचार करण्यास हल्लीं एक चांगलें निमित्त झालें आहे. पुण्यामुंबईस लहान प्रमाणावर बीअर गाळणारे जे कारखाने निघाले आहेत, त्यांत गढूळ बीअर म्हणून एक प्रकार मिळूं लागला असून तिच्या आस्वादाचें एक शास्त्रच बनत चाललें आहे.

बीअर सोन्यासारखी स्वच्छ असावी, ही अपेक्षा फार जुनी नव्हे. बोहेमियांतील पिल्सेन गांवीं १८४२ सालीं तशी बीअर निघाली, आणि काचेच्या पेल्यांचा प्रसार झाला तशी स्वच्छता हीच शुद्धतेची खूण ठरली. अमेरिकेच्या व्हरमाँट संस्थानांतील कांहीं मद्यकारांनीं चालू शतकाच्या आरंभीं ही खूण उलटी केली. जवाबरोबर गहूं व ओट घेतले, म्हणजे त्यांतील प्रथिनें आणि हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांतील तुरट द्रव्यें एकमेकांस बिलगून पेल्यांत तरंगत राहतात. तीं गाळून टाकावयाचीं नाहींत. फुलेंहि उकळत्या रसांत थोडीं व थंड झाल्यावर पुष्कळ घालावयाचीं, म्हणजे कडूपणा बेताचा राहून सुगंध भरपूर उतरतो. अशा पेल्यास आंबा, संत्रें, अननस यांचा वास येतो, आणि पेल्यांत त्यांपैकीं एकहि फळ नसतें. २०१८ सालीं अमेरिकन मद्यकारांच्या संघानें या प्रकारास स्वतंत्र जातीचा मान दिला.

असा पेला उजेडाकडे धरून, हुंगून, घोट जिभेवर फिरवून त्यांतील गंध वेगळे सांगणारा मनुष्य ढोंगी असतो, असें म्हणतां येत नाहीं. ह्यूमनें १७५७ च्या आपल्या रुचिविषयक निबंधांत सँको पांझाच्या दोघां नातलगांची गोष्ट सांगितली आहे. एकास दारूंत चामड्याची चव लागली, दुसऱ्यास लोखंडाची. लोक हंसले, पण पिंप रिकामें झालें तेव्हां तळाशीं चामड्याच्या वादीची एक किल्ली सांपडली. रुचि ही निव्वळ लहर नसून ती वस्तूंत असलेलें कांहीं ओळखते, हें ह्यूमला दाखवावयाचें होतें. आमच्या भरतमुनींनींहि नाट्यरसाचें स्वरूप समजावतांना जेवणाचाच दृष्टान्त घेतला. व्यंजनांनीं युक्त अन्नाचा आस्वाद घेतो तो 'सुमनस्' पुरुष, असें ते म्हणतात. सुमनस् म्हणजे ज्याचें मन ठिकाणावर आहे असा. येथेंच आस्वादाचा पहिला नियम सांपडतो. मद्य हा पदार्थ असा, कीं तो चाखणाऱ्यालाच हळूहळू नाहींसा करतो. म्हणून जाणता परीक्षक घोट गिळीत नाहीं, किंवा पेले मोजून घेतो. आस्वादाचें समर्थन करणारा, त्याला कळो वा न कळो, संयमाचेंच समर्थन करीत असतो.

आतां पुण्याहून नगरच्या वाटेनें सुमारें नव्वद किलोमीटर जाऊन पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धीकडे पाहूं. १९७५ सालीं अण्णा हजारे सैन्यांतून परत आले, तेव्हां या अवर्षणग्रस्त गांवांत तीसहून अधिक दारूच्या भट्ट्या होत्या. पाऊस थोडा, जमीन उतरणीची, पडलेलें पाणी वाहून जाणारें. शेतांत पिकत नव्हतें म्हणून लोक भट्टी पेटवीत. काळा गूळ व नवसागर यांच्या त्या दारूंत गंध शोधीत बसण्याजोगें कांहीं नसतें. तिचें काम एकच, भान घालविणें. यादवबाबांच्या देवळांत गांवानें दारूबंदीचा निश्चय केला, तरुण मंडळ पुढें झालें, बहुतेक भट्ट्या मालकांनीं आपण होऊन विझविल्या. नालाबंध व पाझर तलाव झाले, विहिरींना पाणी आलें, आणि भट्टीवांचून पोट भरण्याचा मार्ग मोकळा झाला. हें शेवटचें कारण उपदेशाइतकेंच महत्त्वाचें आहे, आणि नीतीच्या चर्चेंत तें सहसा विसरलें जातें.

पण या कथेला दुसरी बाजू आहे. जे ऐकेनात त्यांना खांबाला बांधून सैन्यांतल्या पट्ट्यानें फटके देण्यांत आले. आई आजारी लेंकराला कडू औषध पाजते, तसेंच हें, असें त्याचें समर्थन स्वतः अण्णांनीं केलें. दृष्टान्त हृदयंगम आहे, पण लागू नाहीं. लेंकरूं मोठें होतें तेव्हां आईचा तो अधिकार संपतो. खांबाला बांधलेला मनुष्य तर मोठाच होता. माराच्या भयानें सोडलेली दारू शरीरापुरती सुटते. संयम हा ज्याचा त्यानेंच करावयाचा असतो.

मग गांवाला कांहींच अधिकार नाहीं काय? मिल्लनें १८५९ सालीं असें प्रतिपादन केलें, कीं दारूची विक्री बंद करणें हें खरें पाहतां विकत घेणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर आक्रमण होय. पिऊन कुटुंबाचें पोषण चुकविणाऱ्यास शिक्षा करावी, पण ती कर्तव्यच्युतीबद्दल, पिण्याबद्दल नव्हे. तर्क निर्दोष दिसतो. मात्र मिल्लचा पिणारा आपल्या पैशानें पितो. मजुराच्या घरांत पैसा सामाईक असतो, आणि त्यांत बायकोच्या रोजंदारीचाहि वांटा असतो. कर्तव्यच्युति सिद्ध होऊन शिक्षा होईपर्यंत मडक्यांतले दाणे संपलेले असतात. ज्या सौद्याची किंमत ती देते, त्यांत तिचा शब्द असूं नये, असें स्वातंत्र्याचें कोणतें तत्त्व सांगतें?

महाराष्ट्रांत स्त्रियांच्या मागणीवरून मतदान घेऊन गांवांतील परवान्याचें दुकान बंद करण्याची तरतूद आहे. 'उभी बाटली' व 'आडवी बाटली' अशीं चिन्हें ठेवून मतें पडतात. पट्टा आणि मतपत्रिका यांतील अंतर मला फार मोठें वाटतें. दुकान ही सार्वजनिक गोष्ट आहे. तें आपल्या वस्तींत असावें कीं नसावें, हें ठरविणें वस्तीच्या हातीं असावें. जीभ ही ज्याची त्याची आहे. तिच्यावर पट्टा चालूं नये.

२०२२ च्या जानेवारींत राज्य सरकारनें किराणामालाच्या मोठ्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचें ठरविलें, तेव्हां वाइन म्हणजे दारू नव्हे, असें सांगणारे निघाले, आणि अण्णांनीं राळेगणांतून उपोषणाचा इशारा दिला. वाइन असो वा आंब्याच्या वासाची गढूळ बीअर, मद्यार्क तोच. वर्णनाची भाषा सुंदर झाल्यानें वस्तूचा गुणधर्म पालटत नाहीं. तसेंच, भट्टीवाल्याच्या गिऱ्हाइकाला रसना नसतेच, असें समजणेंहि उद्धटपणाचें आहे. त्याला चाखण्याजोगें कोणी कांहीं दिलेलें नसतें, इतकेंच.

ज्याचा पेला दुसऱ्या कोणाच्या ताटांतून भरलेला नाहीं आणि ज्याला तो खालीं ठेवतां येतो, त्याला आस्वादाचा अधिकार आहे. यांतील दुसरी अट ज्याची त्यानें पारखावी. पहिलीची साक्ष मात्र पिणाऱ्यानें देऊन चालणार नाहीं. ती घरच्या माणसांना विचारली पाहिजे.