विश्वास आणि तारण

देव विश्वासू आहे, असे ख्रिस्ती मनुष्य सहज म्हणतो. परंतु या शब्दांचा अर्थ काय, हा प्रश्न त्यास बहुधा विपत्तीतच पडतो. घरातील दुखणाईत बरा झाला की देव विश्वासू ठरतो. आणि तोच दगावला तर? मग एकतर देवाने वचन मोडले असे म्हणावे, नाहीतर आपली श्रद्धा उणी पडली असे. आमच्या मते हे दोन्ही निकाल एकाच गैरसमजातून निघतात.

मराठीत 'तारण' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. सावकार कर्ज देताना गहाण ठेवून घेतो ते तारण. आणि ख्रिस्ती परिभाषेत पापापासून सुटका, तेही तारणच. पुष्कळ भाविकांस दुसरे तारण हवे असते, पण पहिल्याच्या भरवशावर. देवावर भाव ठेवावयाचा, मात्र आरोग्य, अन्न, यश ही त्याजकडून गहाण म्हणून मागावयाची. हा विश्वास नव्हे, देवघेव होय. आणि ती देवळात चालते तशी चर्चमध्येही चालते.

पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांच्या आईबापांनी जवळचे द्रव्य तीर्थयात्रा व दानधर्म यांत वेचले, आणि इ. स. १८७४ च्या सुमारास दक्षिणेकडील दुष्काळात दोघांचाही अंत झाला. रमाबाईंनी १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतांतून सुमारे ३०० निराधार मुली व विधवा आणून केडगावी सांभाळल्या. येथे उतावळा ख्रिस्ती मनुष्य म्हणेल, 'पाहा, पहिला भाव फळला नाही, दुसरा फळला!' परंतु १९२१ साली रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमाबाई, जी त्यांच्या कार्याची वारस व्हावयाची, ती आईच्या आधीच गेली. लाभहानीचा जमाखर्चच मांडावयाचा, तर तो येथेही जुळत नाही.

तथापि रमाबाईंचे काम थांबले नाही. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलाचे मराठी भाषांतर त्यांनी चालूच ठेवले. तो संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात १९२४ साली निघाला. ज्या हिब्रू शब्दाचा अर्थ आपण 'विश्वासूपणा' असा करतो, त्याच्या मुळाशी ढळत नाही ते, स्थिर राहते ते, ही कल्पना आहे. प्रार्थनेच्या शेवटचा 'आमेन' त्याच धातूपासून आला. आणि देवाच्या विश्वासूपणाचे एक अत्यंत ठळक उद्गार विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात, म्हणजे इ. स. पूर्वी सहाव्या शतकात उद्ध्वस्त झालेल्या यरुशलेमेच्या शोकात, आढळतात. नगर उभे असते तर ते उद्गार सोपे होते.

यावर विचारी वाचक विचारील की, काहीही घडो, देव विश्वासूच, असे म्हटल्यास त्या म्हणण्यास अर्थ तो काय उरला? आक्षेप रास्त आहे. त्याचे संपूर्ण समाधान तर्काने होईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु माणसामाणसांतील निष्ठेचाही विचार करावा. पतीची निष्ठा पत्नी दागिन्यांच्या वजनावरून जोखीत नाही. संकटात तो सोडून गेला की जवळ राहिला, हे ती पाहते. स्वतः ख्रिस्ताने वधस्तंभावर आपण टाकले गेल्याचा आक्रोश केला, तरी हाक मारली ती 'माझा देव' म्हणूनच. अशा विश्वासाची पारख घटनेत होत नाही. घटनेनंतर मनुष्य काय करू शकतो, यात होते.

म्हणूनच हा भाव मनुष्यास आळशी करीत नाही. रमाबाईंनी केडगावी प्रार्थना केल्या, तशाच विहिरीही खणविल्या, शेती केली, मुलींस विणकाम व छपाई शिकविली. ज्या घरात आज कोणी अंथरुणास खिळले असेल, त्या घराने वैद्य आणावा, सेवा करावी, आणि मन मोकळे करून मागणेही मागावे. मात्र ते मागणे पुरले नाही, तर देवास दिवाळखोर ठरवू नये, आणि दुःखी माणसास 'तुझीच श्रद्धा थोडी' असे तर कदापि म्हणू नये. त्याच्या उशाशी बसून राहावे. देवाच्या विश्वासूपणाची साक्ष पुष्कळदा त्यास एवढ्यानेच पटते.