जाड झालेले हृदय आणि घाबरलेले मन



‘हार्ट फेल’ हे शब्द आपल्याकडे एकाच अर्थाने वापरले जातात. रात्री जेवून झोपला, सकाळी उठलाच नाही, काय झाले? तर हार्ट फेल झाले. त्यामुळे डॉक्टरांनी फाइलवर ‘हार्ट फेल्युअर’ असे लिहिले, किंवा ‘पुढे हार्ट फेल्युअर होऊ शकते’ एवढे नुसते म्हटले, तरी त्या घरात त्याच संध्याकाळपासून सुतक असल्यासारखे वातावरण होते. आजारी माणूस जेवत नाही आणि बायको रात्री दोनदोनदा उठून त्याचा श्वास चालू आहे ना ते पाहते. धर्मग्रामात आजाऱ्यांच्या भेटीला जाताना आम्ही अशी घरे पाहिली आहेत, म्हणून आज या विषयावर लिहीत आहोत.

डॉक्टरांच्या भाषेत हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला लागते तेवढे रक्त पुरवायला हृदय कमी पडू लागले आहे, एवढाच त्याचा अर्थ. दम लागतो, पायांवर सूज येते, आडवे झाले की धाप लागते. हा आजार गंभीर आहे, पण त्याला उपचार आहेत आणि ते घेत माणसे वर्षानुवर्षे जगतात. एका शब्दाचे दोन अर्थ झाले आणि त्या फटीत भीती शिरली.

आता ज्यांच्या हृदयाचा स्नायू जाड झाला आहे त्यांच्याविषयी. टूडी इको केल्यावर काही जणांच्या रिपोर्टवर ‘एचसीएम’ ही अक्षरे येतात. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत साधारणपणे ११ मिलिमीटरपर्यंत जाड असते. ब्लडप्रेशर किंवा झडपेचा दोष असे दुसरे कारण नसताना ती १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड झाली, तर मोठ्या माणसांत या आजाराचे निदान करतात. सुमारे ५०० माणसांत एकाला तो असतो असे मानले जाते. बहुतेकांच्या बाबतीत हे हृदय दुबळे नसते, उलट ते जोराने आवळले जाते. पण जाड झालेला स्नायू ताठर होतो, नीट सैल पडत नाही, आणि सैल पडल्याशिवाय त्यात रक्त भरणार कसे? आवळण्याची ताकद आहे, पण विसावता येत नाही. (आमच्यासह पुष्कळांच्या स्वभावाचेही हेच दुखणे असते, पण तो वेगळ्या रविवारचा विषय.) काहींच्या बाबतीत मधला पडदा एवढा जाड होतो की रक्त बाहेर जाण्याच्या वाटेतच अडथळा येतो, आणि जिना चढताना दम लागतो किंवा चक्कर येते.

१९५८ साली लंडनमधील डोनाल्ड टिअर या डॉक्टरांनी तरुणपणी अचानक मरण पावलेल्या काही जणांच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे वैद्यकशास्त्राला या आजाराची नीट ओळख झाली ती शवविच्छेदनाच्या टेबलावर. पुढेही मोठ्या रुग्णालयांत पोहोचत ते मुख्यतः फार आजारी असलेलेच रुग्ण, त्यामुळे दरवर्षी शंभरातले चारसहा दगावतात असे आकडे पुस्तकांत आले. आज सौम्य आजार असलेलेही सापडतात आणि उपचारही पुष्कळ सुधारले आहेत. चांगले उपचार मिळणाऱ्यांत आता हे प्रमाण वर्षाला दोनशेत एकाच्या आसपास आहे. गोळ्या आहेत, अडथळा काढण्याची शस्त्रक्रिया आहे, ज्यांना धोका जास्त त्यांच्या छातीत बसवायचे आयसीडी यंत्र आहे. जाड स्नायूच्या अति आवळण्यावरच काम करणारे मॅव्हाकॅम्टेन हे औषध २०२२ साली अमेरिकेत मान्य झाले. तेव्हा आपल्यापैकी पुष्कळ जण आज जुन्या आकड्यांना भीत आहेत.

तरीही खोटा दिलासा आम्ही देणार नाही. काहींचा आजार वाढतो, आणि काही तरुण अचानक जातात. म्हणून दारातूनच ‘भिऊ नको, देव आहे ना’ म्हणून निघून जाणे आम्हांला पटत नाही. भीती वाटते म्हणजे विश्वास कमी, असेही कोणी कोणाला सुनावू नये. गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूलाच व्याकूळ होऊन घाम फुटला होता आणि तो प्याला टळावा म्हणून त्याने प्रार्थना केली होती. आपल्यासाठी हे लिहून ठेवणाऱ्या संत लूकला आपण वैद्य म्हणून ओळखतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे भीतीविषयीचे विवेचन आम्हांला अभ्यासाला होते. तेराव्या शतकातील हे संत सांगतात की ज्याला सुटकेची थोडीही आशा उरलेली नाही तो भीत नाही. भीती वाटते कारण कुठेतरी आशा आहे. पुढे ते असेही म्हणतात की भीती माणसाला सल्ला घ्यायला लावते, पण ती फार वाढली की नीट विचार करू देत नाही. रात्री अडीच वाजता छातीवर हात ठेवून ठोके मोजत बसणाऱ्याला हे सांगावेसे वाटते. तुझ्या भीतीत आशा आहे, तेव्हा ती सकाळी डॉक्टरांकडे घेऊन जा, अंधारात एकट्याने कुरवाळत बसू नकोस.

आता एक अवघड गोष्ट. हा आजार पुष्कळदा आनुवंशिक असतो. आईवडिलांपैकी एकात तो जनुकीय दोष असेल, तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून एकाला आजार निघाला की भावंडांनी आणि मुलांनी कार्डिओग्राम आणि इको काढून घ्यावा असे डॉक्टर सांगतात. आणि इथेच आपली घरे गप्प होतात. मुलीचे जमायचे आहे, बाहेर कळले तर? धाकट्या भावाला कशाला सांगायचे, त्याची नवी नोकरी आहे. आणि आई मनातल्या मनात विचारत राहते, माझ्यामुळेच ना? सासरचे तर तेही उघड विचारतात.

संत योहानच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता. पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे? प्रभूने दोन्ही नाकारले. डोळ्यांचा रंग देणे हे पाप नाही, तसे जनुक देणे हेही पाप नाही. संत मात्थयच्या शुभवर्तमानात यशया संदेष्ट्याचा आधार घेऊन लोकांचे अंतःकरण बधिर झाल्याची तक्रार आहे, आणि तिथल्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ ‘जाड होणे’ असाच आहे. ती तक्रार ऐकून न घेणाऱ्यांविषयी आहे, आजाऱ्यांविषयी नव्हे. त्या अर्थाचे जाड अंतःकरण, आजाऱ्याच्या आईला दोष देणाऱ्याकडे सापडण्याचा संभव जास्त.

आपल्या उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकाचा छोटा तुकडा गळालेला असतो, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. तेव्हा मोठी खळबळ उडाली. त्या चार टक्क्यांतल्या सगळ्यांना सारखा धोका नसतो, त्यांच्यातील थोड्यांत असलेल्या दुसऱ्याच एका दोषाकडे बोट दाखवायला हवे, असे २०२० मधील अभ्यासातून पुढे आले. एवढ्या पुष्कळ घरांतून जी गोष्ट वाहते आहे तिच्यावरून कुठले घर कुठल्या घराला नावे ठेवणार? भावाला सांगा. सांगितल्याने त्याचा एक इको होईल, न सांगितल्याने काय होऊ शकते ते तुम्ही जाणता. लग्न ठरवतानाही समोरच्या घराला खरे सांगा. खोटेपणावर संसाराचा पाया घातलेला आम्हांला वेदीसमोर पाहायचा नाही.

काही गोष्टी स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. प्रार्थनासभेहून किंवा रिट्रीटहून आल्यावर गोळ्या बंद करू नका. या आजारातल्या काही गोळ्या एकदम थांबवणे धोक्याचे असते. वैद्याला देवानेच निर्माण केले आहे, त्याला मान द्या, असे सिराखचा ग्रंथ शिकवतो. छातीत दुखले म्हणून शेजाऱ्याने दिलेली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नका, कारण रक्ताच्या वाटेत अडथळा असलेल्यांना तिने अपाय होऊ शकतो. आपल्याला काय चालते ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. मैदानात खेळताना पोरगा चक्कर येऊन पडला तर ‘ऊन लागले’ म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या.

प्रायश्चित्तकाळात पाणीसुद्धा न घेता उपवास करणारे काही आजारी आपल्यात आहेत. अंगातले पाणी कमी झाले की हा अडथळा वाढतो. आजाऱ्याला ख्रिस्तसभा उपवासाने बांधत नाही. पवित्र कम्युनियनपूर्वीच्या एका तासातही पाणी आणि औषध घेता येते, हा ख्रिस्तसभेचा कायदाच आहे, आम्ही दिलेली सवलत नव्हे. क्रुसाच्या वाटेच्या वेळी गुडघे टेकणे जमत नसेल तर बसून राहा.

आणि रुग्णाभ्यंग. ‘हार्ट फेल’सारखेच या संस्काराचेही झाले आहे. फादर तेल घेऊन आले म्हणजे सगळे संपले, असे समजून घरचे आम्हांला दारातच थांबवतात, आजारी माणूस घाबरेल म्हणून. हा केवळ मरणाच्या दारातल्यांचा संस्कार नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले. गंभीर आजार सुरू झाला की तो घेता येतो, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी घेता येतो, आजार बळावला तर पुन्हाही घेता येतो. ज्यांना यंत्र बसवायचे आहे, ज्यांची तपासणी ठरली आहे, किंवा ज्यांना नुसतीच झोप लागत नाही, त्यांनी आम्हांला निरोप द्यावा. नाव फलकावर लागणार नाही. चर्चपर्यंत चालवत नसेल तर आम्ही घरी येऊ, आणि घरी येणे नको असेल तर सकाळच्या मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत थांबावे.