रोजच्या वांटणीचा न्याय

(वाचावें: प्रेषितांचीं कृत्यें ६:१–६, लेवीय १९:९, १०)



यरुशलेमेंतील मंडळी वाढत असतां तिच्यांत कुरकुर उत्पन्न झाली. ती सिद्धांताविषयीं नव्हती, अन्नाविषयीं होती. ग्रीक भाषा बोलणाऱ्या लोकांच्या विधवांस रोजच्या वांटणींत मिळावें तें मिळत नव्हतें. प्रेषितांनीं कुरकुर करणाऱ्यांस दटाविलें नाहीं, आणि केवळ प्रार्थना करा असेंहि सांगितलें नाहीं. त्यांनीं सर्व मंडळीस एकत्र बोलाविलें व लोकांत चांगलें नांव असलेले सात पुरुष निवडावयास लाविलें. त्या सातांचीं नांवें पाहा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना व नीकलाव. हीं सगळीं ग्रीक नांवें आहेत. ज्यांची उपेक्षा झाली होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हातीं वांटणी सोंपविली, असें ह्यावरून दिसतें. मग प्रेषितांनीं प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेविले. ह्यावरून आम्ही हें शिकतों कीं, धान्य न्यायानें वांटणें हेंहि देवाच्या सेवेचें काम आहे.

आतां आपल्या गांवाकडे पाहूं. आपल्या देशांत २०१३ सालीं राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. ह्या कायद्यानें खेड्यांतील शेंकडा ७५ पर्यंत व शहरांतील शेंकडा ५० पर्यंत लोकांस रेशनच्या धान्याचा हक्क दिला आहे. प्राधान्य कुटुंबांत दर माणशीं दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य ठरलेलें आहे. आणि जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य मिळतें. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरांतील १८ वर्षांवरील वडील स्त्रीचें नांव असावें, असाहि नियम आहे.

हें धान्य घेतांना कोणी मान खालीं घालूं नये. मोशेच्या नियमशास्त्रांत शेताच्या कडा कापूं नयेत व पडलेला सरवा वेंचूं नये, तो गरीबासाठीं व परक्यासाठीं ठेवावा, अशी आज्ञा आहे. रूथ बवाजाच्या शेतांत सरवा वेंचावयास गेली, ती भीक मागावयास गेली नाहीं. देवानें तिच्यासाठीं राखलेला वाटा तिनें उचलला. सरवा ही मालकाची कृपा नव्हती. ती मालकावर घातलेली आज्ञा होती.

परंतु वांटणींत माप जसें पाहावयाचें, तसें धान्य कोणतें हेंहि पाहावयाचें असतें. आपल्या पठारावरील कोरडवाहू रान ज्वारी-बाजरीचें, डोंगराकडे नाचणी. थोड्या पाण्यावर ज्वारी येते, तिची भाकरी माणसास व कडबा बैलास पोसतो. बाजरींत लोह आहे, नाचणींत हाडांस लागणारें कॅल्शियम आहे. कायद्यांत गहूं व तांदूळ यांबरोबर भरड धान्यहि लिहिलेलें आहे. तथापि १९६५ सालीं भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालें तेव्हांपासून सरकारी खरेदी मुख्यतः गहूं व तांदूळ यांचीच होत आली, आणि रेशनच्या दुकानांत मुख्यतः तींच धान्यें आलीं. ज्या पिकास खात्रीचें गिऱ्हाईक, तेंच शेतकरी पेरतो. महाराष्ट्रांत ज्वारीचा पेरा पुष्कळ घटला आहे. आणि ज्वारी गरीबाची रोजची भाकरी होती, तरी आतां त्यालाच ती विकत घेणें जड जातें. १९७२ च्या दुष्काळांत परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी खाल्लेलीं वृद्ध माणसें अजून आपल्यामध्यें आहेत. दुरून येणाऱ्या धान्याची वाट पाहणें म्हणजे काय, हें तरुणांनीं त्यांस विचारावें.

२०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानें भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. परंतु सन्मानानें पोट भरत नाहीं. बी राखलें पाहिजे, पेरलें पाहिजे व खरेदी केलें पाहिजे. अकोले तालुक्यांतील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे ह्यांनीं गांवठी बियाणें जतन केलें व त्यांस पद्मश्रीचा मान मिळाला. शाळेंत न गेलेल्या बाईच्या हातून जें झालें, तें आपल्या हातून कां होऊं नये?

तर मंडळीनें काय करावें? प्रथम, प्रत्येक गांवीं दोघां-तिघां विश्वासू माणसांस ह्या कामास निवडावें, व त्यांत एक तरी विधवा अथवा भूमिहीन बाई असावी. नव्या सुनेचें व नव्या लेंकराचें नांव कार्डावर चढलें कीं नाहीं, हें त्यांनीं घरोघरीं पाहावें. कष्टानें झिजलेला अंगठा यंत्रास ओळखतां येत नाहीं. केवळ तेवढ्यासाठीं धान्य नाकारूं नये, असें केंद्र सरकारनें २०१७ सालींच लिहून कळविलें आहे. ऊसतोडीस परजिल्ह्यांत अथवा परराज्यांत जाणाऱ्यांस तेथेंहि आपल्या कार्डावर धान्य घेतां येतें. २०२२ पासून ही सोय सर्व राज्यांत आहे. सुवार्तिकांनीं हें त्यांस निघण्यापूर्वीं सांगावें.

दुसरें, दर दुकानासाठीं दक्षता समिति असावी, आणि तींत स्त्रिया, अनुसूचित जातिजमाति व निराधार ह्यांस स्थान असावें, असें हा कायदा सांगतो. त्या सात ग्रीक नांवांत जें शहाणपण आहे, तेंच हें. आपल्या गांवची समिति कागदावर आहे कीं जिवंत आहे, हें ग्रामसभेंत विचारावें; आणि आम्हांस ज्वारी-बाजरीहि मिळावी, अशी मागणी तेथेंच लिहून द्यावी.

तिसरें, ज्यांस रान आहे त्यांनीं कांहीं भाग ज्वारी-बाजरीसाठीं राखावा, आणि कापणीच्या उपकारस्तुतीच्या दिवशीं ज्याला बी नाहीं त्याला बी द्यावें.

एक गोष्ट मात्र सांभाळावी. हें काम केवळ आपल्या मंडळीपुरतें नसावें, आणि धान्याचें आमिष दाखवून कोणास मंडळींत ओढूं नये. हक्क हा हक्क आहे. शेजारी कोणत्या देवळांत जातो हें सरवा विचारीत नाहीं.

करिंथ येथील मंडळींत एक भुकेला बसे व दुसरा आकंठ पिई. असें जेवण तें प्रभुभोजनच नव्हे, असें पौलानें त्यांस स्पष्ट लिहिलें. बंधुभगिनींनो, येत्या रविवारीं आपण त्या मेजाजवळ बसूं, तेव्हां शेजारची विधवा रिकामी पिशवी घेऊन दुकानांतून परत गेली असेल, तर आपल्या हातांतील भाकर आपणांस तिच्याविषयीं विचारील. प्रभु आपणां सर्वांस उत्तर देण्यासारखें वर्तन देवो. आमेन.