जांभळांच्या रांगेखाली

पावसाळ्याच्या तोंडावर दिल्लीत असाल, तर विजय चौकातून इंडिया गेटच्या दिशेनं निघा. मोठ्या रस्त्यावरून नको, कडेच्या हिरवळीवरून. सावकाश चाला. चपलेखाली जांभळं चिरडतील; डाग पडला तर पडू दे.

आता मान वर करा. रांगेतलं झाड न् झाड जांभळाचं. इंग्रजांनी नवी दिल्ली आखताना बहुतेक रस्त्यांना एकेक जात नेमून दिली: अकबर रोडला चिंच, जनपथाला अर्जुन, इथे जांभूळ. सम्राटाच्या राजमार्गावर सगळं कसं कवायतीतल्या पलटणीसारखं हवं होतं. १९५५पासून प्रजासत्ताकाचं संचलन याच रस्त्यावर होतं. किंग्जवेचा राजपथ झाला, २०२२मध्ये कर्तव्यपथ. पाट्या बदलत राहिल्या.

एका खोडापाशी थांबा. साल हातानं चाचपा: कुठे गुळगुळीत, करडी, कुठे खवले सुटलेले. शेजारचं झाड पाहा. ते जरा कललंय, त्याचं फळ बारीक आणि तुरट. पलटण म्हणून लावलेली ही झाडं. एकालाही दुसऱ्यासारखं वाढता आलेलं नाही.

एका रांगेत आणलेल्या देशाचंही असंच. आता आपलं गाव आठवा. पटेल आणि व्ही. पी. मेनन यांनी साडेपाचशेवर संस्थानं भारतात आणली, हे शाळेत पाठ केलेलं असतं. त्यात तुमचं गाव कुठे होतं? सांगली, औंध १९४८ साली मुंबई प्रांतात आली, कोल्हापूर १९४९ला. बीड-परभणीकडचे असाल, तर सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाचा अंमल. तिकडच्या घरांत विलीनीकरणाची आठवण सही-शिक्क्याची नसते, रझाकारांची असते. त्या आठवणीपाशी थोडं थांबा. पुढे जायची घाई नाही.

२६ जानेवारीला इथून चित्ररथ जातात. २०१५मध्ये आपल्या पंढरीच्या वारीला पहिला क्रमांक मिळाला. अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण ठरलेल्या वेगानं सरकणाऱ्या वारीत कुणाला धक्का लागत नाही, की कुणाचा पाय दुखत नाही. विविधता मला संध्याकाळी हिरवळीवरच जास्त दिसते. तिथे बसा. कानावर येईल ते येऊ द्या: भोजपुरी, पंजाबी, एखादी अजिबात न कळणारी भाषा, मध्येच पोराला घातलेली दटावणी. ती मात्र कळते.

जांभूळवाला दिसला तर मीठ भुरभुरवून द्रोणभर घ्या. त्याला गाव विचारा. मग तो तुमचं विचारेल. औंध म्हणालात, तर ‘ये कहाँ पड़ता है?’ असं हमखास येईल. सांगा त्याला, सातारा, पुणे, मुंबई असं उलटं जात जात, त्याला ओळखीचं ठिकाण सापडेपर्यंत.