दूध-दह्याच्या प्रदेशात

हरियाणाची ख्याती दूध-दह्याची. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात याच राज्यातली, सहा महिने ते पाच वर्षं वयाची शंभरातली सत्तर मुलं रक्तक्षयी निघाली. असं काही वाचलं की आपण लगेच गरिबीकडे बोट दाखवतो. मात्र देशभर पाहिलं तर सुखवस्तू घरांतलीही निम्म्याहून जास्त मुलं याच रांगेत आहेत. एक गोम दुधातच आहे. दुधात लोह नावापुरतं, आणि सारखं दूधच पीत राहिलेल्या लेकराच्या पोटात डाळ-भाजीला जागा उरत नाही. आजीला मात्र समाधान, की नातू भरपूर दूध पितो!

याच राज्यातल्या फरीदाबादच्या मुजेसर, संजय कॉलनीसारख्या कामगारवस्त्यांत चित्र निराळं. बिहार, उत्तर प्रदेशच्या पूर्वांचलातून आलेली कुटुंबं भाड्याच्या खोलीत राहतात. दूध विकतचं, त्यातलं बरंचसं चहात जातं. चहात बुडवलेलं बिस्कीट हीच पोराची न्याहारी. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, हे अंगणवाडीत आईला सांगितलेलं असतं. ती मानही डोलावते. पण कारखान्याच्या पाळीवरून येताना भाजी आणायची की पाच रुपयांचं पाकीट, हे बऱ्याचदा बाप ठरवतो; बाळाला काय द्यायचं नाही, ते गावाकडची सासू फोनवरून सांगते. पोषणाचं ज्ञान द्यायचं एकटीला आणि मुलाची वाटी भरायची तिघांनी, असा हा व्यवहार.

आईचं शिक्षण वाढतं तसं मुलांचं खुजेपण कमी होतं, हे सर्वेक्षणांत पुन्हा पुन्हा दिसतं. मला त्यावरून घाईने निष्कर्ष काढावासा वाटत नाही. शिकलेल्या बाईचं लग्न उशिरा होतं, घरात पैसा जरा जास्त असतो, तिच्या शब्दालाही वजन असतं. यातलं श्रेय पुस्तकाला किती आणि त्या वजनाला किती, कोण वेगळं काढणार?

तारा­बाई मोडकांनी १९४५ मध्ये महाराष्ट्रातल्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. घराची अडचण आधी पाहायची, शिकवणं मागाहून. तोच धडा घेऊन या कामगारवस्त्यांत पोषणाच्या बैठका दुपारी न भरवता पाळी सुटल्यावर भरवल्या, बापालाही बसवलं, तर निदान खरेदी करणारा माणूस समोर असेल.

आणि त्याला नवं काही शिकवायची गरजही नसेल. बिहारी घराला सत्तू चांगला ठाऊक असतो. भाजलेल्या हरभऱ्याच्या या पिठात प्रथिनं आहेत, लोह आहे. वर लिंबू पिळलं की ते लोह अंगी लागायला मदत होते. शहरात आल्यावर सत्तू मोठ्यांपुरता उरतो आणि पोराच्या हाती बिस्कीट येतं. पालकांचं ज्ञान मोजणाऱ्या प्रश्नावलीत सत्तूचा एक प्रश्न घालायला हवा.