संवेदना आणि दया

जे शब्द समानार्थी भासतात, तेच भाषांतरकाराची खरी परीक्षा घेतात. 'संवेदना' आणि 'दया' ही अशीच एक जोडी होय. बंगळूरच्या शिवाजीनगरात कन्नड, तमिळ, उर्दू अशा अनेक भाषा शेजारी नांदतात. त्यांपैकी उर्दूत 'हमदर्दी' आणि 'रहम' हे शब्द निराळे आहेत. पहिल्यात वेदनेचे सहभागित्व आहे, दुसऱ्यात दुःखितावर केलेली कृपा. संस्कृतात तर हा भेद धातूंतच दिसतो. 'संवेदना' हा शब्द 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून होतो. 'दया' हा 'दय्' पासून होतो आणि धातुपाठात त्याचे दान, गती, रक्षण असे अर्थ दिले आहेत. संवेदना आपल्या ठायी घडते. दया आपणांस दुसऱ्याकडे नेते.

गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचे अंग कापते, मुख कोरडे पडते, धनुष्य हातातून गळते. ही वेदना खोटी नव्हे. परंतु ती मुख्यतः स्वजनांसाठी आहे आणि तिचा शेवट रथात खाली बसण्यात होतो. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीत गणलेली दया मात्र भूतमात्राविषयी आहे.

संवेदनेवाचून दया उपजेल कशी, असे कोणी विचारील. संवेदना हे दयेचे द्वार खरे. पण द्वारापासून माघारीही फिरता येते. वरोडा येथे पावसात पडलेला कुष्ठरोगी तुळशीराम दृष्टीस पडताच बाबा आमटे भयाने घरी पळाले. त्यांचे मन बधिर नव्हते. ते हादरले होते, म्हणूनच पळाले. पुढे ते परतले व त्याच्या मृत्यूपर्यंत त्यांनी त्याची शुश्रूषा केली. ते परतणे म्हणजे दया. नंतर कलकत्त्यास त्यांनी कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले आणि १९५१ साली वरोड्याजवळ आनंदवन उभे राहिले. तेथे रोग्यांनी विहिरी खणल्या, शेती केली. केवळ भिक्षेने त्यांचे पोट भरले असते, मान परत आला नसता.

'दय्' धातूच्या अर्थांत 'हिंसा' हाही एक अर्थ आहे, हे येथे ध्यानी घ्यावे. दुसऱ्याचे मन न जाणता केलेली दया त्यास घायाळ करते. तेव्हा दयेने आपली पावले दुःखिताकडे वळवावी आणि संवेदनेने ती त्याच्या मानावर पडू देऊ नयेत, हेच उचित.